वायफायचे सोवळे

मनुष्याने मनुष्यावर किती विश्वास टाकावा, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे नीतिशास्त्रकारांपासून सहकारी पतपेढीच्या जामीनदारांपर्यंत सर्वांनी यथामति केलेला आहे. परंतु मनुष्याने विजेच्या दिव्यावर किती विश्वास टाकावा, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांपुढे कधी उभा राहिला नाही, कारण त्यांच्या काळचा दिवा लावला म्हणजे लागत असे, मालवला म्हणजे मालवत असे, आणि या दोन क्रियांच्या मधल्या अवकाशात तो परदेशस्थ अशा कोणा अनोळखी यंत्राशी पत्रव्यवहार करीत बसत नसे. आता तो करतो. दिवा करतो, वातानुकूलन यंत्र करते, दूरचित्रवाणी संच तर अहोरात्र करतो. आणि या सर्व पत्रव्यवहाराचा टपालखर्च घरधनी दरमहा इंटरनेटचे बिल भरून मुकाट्याने सोसतो. तेव्हा घरातील कोणत्या वस्तूस कितपत जवळ करावे आणि कोणत्या वस्तूस हातभर दूर ठेवावे, हा विषय केवळ तंत्रज्ञांचा न राहता गृहस्थाश्रमाचा झाला आहे, आणि म्हणूनच त्यावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आमच्यासारख्या निव्वळ गृहस्थासही पोहोचतो.

विश्वासाच्या बाबतीत आपला समाज भोळा आहे, असा आरोप कोणी करू नये. ज्यास तो करावयाचा असेल त्याने पुण्यातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाशी घटकाभर उभे राहून पाहावे. नाव काय, कोठून आलात, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कोणाकडे, कशासाठी, दूरध्वनी क्रमांक कोणता, वाहन असल्यास त्याचा क्रमांक कोणता, अशा प्रश्नावलीस तोंड देऊन, वहीत सही करून, अलीकडे पहारेकऱ्याच्या मोबाइलसमोर चेहरा धरून छायाचित्र काढवून घेऊन, आणि सरतेशेवटी सदनिकाधारकाच्या मोबाइलवरून मंजुरीचा होकार येईपर्यंत उन्हात ताटकळून, मगच सख्ख्या आत्यालाही आत प्रवेश मिळतो. परंतु त्याच फाटकातून, त्याच वेळी, पुठ्ठ्याच्या खोक्यात स्वस्थ बसून एखादा स्वस्तातला कॅमेरा आत जात असतो, आणि त्यास 'कोण रे तू?' असे विचारण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. घरी पोहोचताच घरधनी स्वहस्ते त्याचे वेष्टन सोडतो, साऱ्या खोलीवर नजर पोहोचेल अशी उंच व मोक्याची जागा त्यास देतो, आणि जो पासवर्ड शेजाऱ्याने मागितला असता 'मुलाला विचारून सांगतो' म्हणून आठवडाभर टोलवला असता, तोच त्याच्या कानात आपण होऊन सांगतो.

दिव्याची कथा याहून नवलाची आहे. हे नवे दिवे बसविण्यापूर्वी मोबाइलात एक ॲप घ्यावे लागते, आणि ते ॲप प्रकाशाची एक तिरीपही पडू देण्यापूर्वी आपला ई-मेलचा पत्ता, आपला ठावठिकाणा आणि दहा पानांच्या करारनाम्यावरील आपली संमती मागून घेते. ठावठिकाणा मागण्यास तांत्रिक कारण आहे: बहुतेक अँड्रॉइड मोबाइलांत एखाद्या ॲपला आसपासच्या वायफायची नावे पाहावयाची असली, तर ठावठिकाण्याची परवानगी घ्यावी लागते, कारण त्या नावांवरून मनुष्य कोठे आहे याचा अंदाज बांधता येतो. कारण खरे असले तरी परिणाम असा होतो, की आम्ही कोठे राहतो हे आमच्या कित्येक आप्तांस नक्की ठाऊक नसताना न्हाणीघरातील दिव्यास मात्र ते अक्षांश-रेखांशासह विदित असते.

आमच्या घरी हा सर्व कारभार चिरंजीवांकडे आहे. दिवाणखान्याच्या छतास ताटलीच्या आकाराचे जे पांढरे यंत्र चिकटलेले आहे, त्यास ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तारेतून आलेले इंटरनेट हवेत पसरविणे आणि हवेतून आलेली मागणी पुन्हा तारेत घालणे, एवढे त्याचे काम. तथापि या कामाबरोबरच, हवेतून आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवण्याची कारकुनीही त्याच्याच शिरावर असते, आणि चिरंजीवांनी एका सुट्टीच्या सकाळी त्याचे दफ्तर उघडून दाखविले, तेव्हा चार माणसांच्या आमच्या कुटुंबात वीस-बावीस उपकरणे नांदत असल्याचे निष्पन्न झाले. काहींची नावे सरळ होती. दोघांचे आडनाव 'ईएसपी' असे होते. ते सख्खे भाऊ म्हणजे शयनगृहातील दोन दिवे निघाले, कारण त्यांच्या पोटातील चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची होती. एक उपकरण मात्र स्वतःस केवळ 'अननोन' म्हणवीत होते. त्याच्यावरून घरात जी चौकशी चालली तीत प्रथम शेजारच्या मुलांवर, नंतर वरच्या मजल्यावरील भाडेकरूंवर आणि शेवटी केबलच्या मनुष्यावर संशयाची सुई फिरून आली. हे सर्व निर्दोष ठरल्यानंतर तो अज्ञात इसम म्हणजे आमच्याच डोक्यावर वारा घालणारे वातानुकूलन यंत्र असल्याचे सिद्ध झाले. या चौकशीत एकाही यंत्राचे नाव संशयितांच्या यादीत कोणी घातले नव्हते, ही गोष्ट आम्हांस त्याच वेळी खटकली.

यादीतील प्रत्येक नावासमोर एक चौकट असते, आणि तीत खूण केली की ते उपकरण 'विश्वासू' ठरते. ही खूण कशाच्या आधारे करावयाची, तर त्या उपकरणाच्या मॅक ॲड्रेसच्या. हा 48 बिटांचा, बारा चिन्हांत लिहिला जाणारा क्रमांक प्रत्येक उपकरणास जन्मतःच चिकटवलेला असतो. त्याचा पहिला अर्धा भाग कारखानदारास आयईईई ही संस्था नेमून देते, व उरलेला कारखानदार आपल्या मर्जीने भरतो. म्हणजे घराणे वरून ठरून येते आणि नाव बापाने ठेवावयाचे. ज्यांचे क्रमांक यादीत आहेत त्यांनीच आत यावे, इतरांची दरखास्त नामंजूर, असा हुकूम ॲक्सेस पॉइंटला देता येतो, आणि तो दिल्यावर घरधन्यास आपण मोठाच बंदोबस्त केल्याचे समाधान लाभते. दुर्दैव एवढेच, की वायफायवरून जाणाऱ्या मजकुरास कितीही कडेकोट कुलूप घातले तरी पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा हा क्रमांक मात्र हवेत उघडाच फिरत असतो. त्यामुळे ज्यास चोरीच करावयाची आहे तो बाहेर बसून आतल्या एखाद्या सज्जन उपकरणाचा क्रमांक टिपून घेतो आणि तोच आपल्या कपाळी लावून दाराशी हजर होतो. या यादीमुळे अडतो तो मुख्यतः सभ्य मनुष्य.

आणि सभ्य मनुष्याची अडवणूक आता त्याचा मोबाइलच करू लागला आहे. दुकानोदुकानी, स्थानकोस्थानकी आपल्या क्रमांकावरून आपला माग काढला जाऊ नये म्हणून 2019 सालच्या अँड्रॉइड 10 पासून आणि 2020 सालच्या आयओएस 14 पासून मोबाइल प्रत्येक जाळ्यापुरता एक निराळा, बनावट क्रमांक धारण करतात. त्या क्रमांकाचे दुसरे चिन्ह 2, 6, ए किंवा ई यांपैकी एक असते, एवढीच त्याची ओळखखूण. परिणामी आमच्या सौभाग्यवतींचा मोबाइल, जो या घरात आमच्याइतकाच जुना व आमच्याहून अधिक अधिकाराचा आहे, तो एकदा जाळे विसरून पुन्हा जोडला गेला की नव्या मुखवट्याने दाराशी उभा राहू शकतो, आणि ॲक्सेस पॉइंट त्यास ओळख दाखवीत नाही. उलट ज्याच्या मनात काय आहे हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही तो दिवा आपला खरा क्रमांक दरवेळी इमानेइतबारे सांगतो आणि सलाम घेऊन आत जातो.

काही चतुर गृहस्थ याहून पुढे जाऊन आपल्या वायफायचे नावच लपवून ठेवतात. ॲक्सेस पॉइंट सामान्यतः दर सेकंदास सुमारे दहा वेळा आपल्या नावाचा पुकारा करीत असतो. तो पुकारा निनावी केला की आपले घर अदृश्य झाले, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः घर गप्प बसले म्हणजे घरच्या मोबाइलास बोलावे लागते. ज्यास लपलेल्या जाळ्याची सवय लावली आहे असा मोबाइल, मालक मंडईत असो, बसमध्ये असो की सासुरवाडीस, 'अमुक नावाचे वायफाय इथे आहे काय हो?' असा प्रश्न पुन्हा पुन्हा हवेत टाकीत राहतो. जे नाव पूर्वी चार भिंतींच्या आसपास कळत होते ते आता मालकाबरोबर गावभर फिरते. गुप्ततेचा असा जाहीरनामा दुसऱ्या कोणत्याही उपायाने काढता येणार नाही.

या सर्व उपायांचा फोलपणा ध्यानी आल्यावर चिरंजीवांनी व्हीलॅन नावाच्या व्यवस्थेचा आश्रय केला. 'बाबा, तार एकच, ॲक्सेस पॉइंट एकच, पण त्यावर जाळी तीन,' असे त्यांनी सांगितले, तेव्हा आम्हांस प्रथम अर्थबोध झाला नाही. परंतु ते जसजसे विवरण करू लागले तसतशी आमच्या आजीची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहू लागली. आजीच्या स्वयंपाकघरात सोवळे होते. विहीर एकच, चूल एकच, माजघर एकच. मध्ये भिंत नव्हती, कुंपण नव्हते, खडूची रेघसुद्धा नव्हती, आणि तरीही अमुक फरशीच्या पलीकडे शाळेच्या कपड्यांनिशी पाऊल पडले तर पाण्याचे हंडे ओतून दिले जात. डोळ्यांना न दिसणारी परंतु ओलांडण्याची कोणाची छाती नाही, अशी ती सीमा होती. व्हीलॅन म्हणजे नेमके तेच. 1998 साली आयईईईने 802.1क्यू या क्रमांकाने जे नियम सिद्ध केले, त्यांप्रमाणे तारेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर चार बाइटांचा एक शिक्का मारला जातो. त्यातील बारा बिटांत हे पुडके कोणत्या जाळ्याचे हे लिहिलेले असते, आणि वाटेतील स्विच तो शिक्का वाचून या पंक्तीचे त्या पंक्तीत जाऊ देत नाही. बारा बिटांत 4096 संख्या मावतात. पैकी पहिली व शेवटची राखीव, म्हणून एका तारेवर 4094 सोवळी पाळता येतात. आमच्या आजीच्या काळीही इतकी नव्हती. आणखी गंमत अशी, की ज्या दिव्यास वेगळे बसविले आहे त्यास आपण वेगळे बसलो आहोत याची गंधवार्ताही नसते; शिक्का त्याच्या पुडक्यावर पुढे पडतो आणि परतीच्या वाटेवर त्याच्यापाशी पोहोचण्यापूर्वी पुसला जातो.

चिरंजीवांचा उत्साह सहा-सात जाळी निर्माण करण्याचा होता. परंतु प्रत्येक जाळ्याच्या नावाचा पुकारा स्वतंत्रपणे, दर सेकंदास दहा वेळा, आणि तोही बहुधा अतिशय सावकाश गतीने होत असल्यामुळे नावे वाढली की हवेतील बराचसा वेळ केवळ नामघोषातच खर्ची पडतो व कामाच्या बोलण्यास अवकाश उरत नाही. हा दोष साहित्य संमेलनांतही आढळत असल्यामुळे तो आम्हांस चटकन समजला. अखेरीस तीन जाळी ठरली: एक घरच्यांचे, एक वस्तूंचे, आणि एक येणाऱ्याजाणाऱ्यांचे. नियम असे ठरले, की घरच्यांनी वस्तूंना खुशाल हाक मारावी. वस्तूंनी विचारले असता उत्तर द्यावे, परंतु आपण होऊन घरच्यांच्या जाळ्यात तोंड घालू नये. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना थेट इंटरनेटची वाट मोकळी असावी, घरातील कशाशीही त्यांचा संबंध येऊ नये. प्रत्येकास पत्त्याचा पट्टा ठरावीक मुदतीचा मिळावयाचा. मुदत संपली व कुळ परतले नाही, तर तो पत्ता दुसऱ्यास.

इथवर सर्व सुरळीत चालले होते. परंतु कोणत्याही राज्यव्यवस्थेची खरी परीक्षा दिवाळीत मेहुणे येतात तेव्हा होते. साताऱ्याहून मामा आणि मामी आले, पाणी पिऊन होताच मामांनी रिवाजाप्रमाणे वायफायची विचारणा केली, आणि चिरंजीवांनी त्यांचा मोबाइल 'पाहुणे' या नावाच्या जाळ्यास जोडून दिला. मामांनी चष्मा वर सरकवून ते नाव वाचले, पुन्हा वाचले, आणि मग भाच्याकडे न पाहता थेट आम्हांस उद्देशून म्हणाले, 'दाजी, ह्या घरात आम्ही पाहुणे कधीपासनं झालो?' या प्रश्नास उत्तर नाही. सौभाग्यवतींनी आमच्याकडे, आम्ही चिरंजीवांकडे आणि चिरंजीवांनी छताकडे पाहिले. चिरंजीव धीर करून म्हणाले, 'मामा, तसं नाही. तुमच्यावर विश्वास आहेच, तुमच्या मोबाइलवर नाही.' 'म्हणजे माणूस घरचा, पण त्याचा मोबाइल परका?' मामा म्हणाले; आणि खरोखर तंत्रशास्त्राच्या दृष्टीने वस्तुस्थिती तंतोतंत तीच होती. मामांच्या मोबाइलात लग्नपत्रिका म्हणून कोणी पाठविलेली, वस्तुतः काही निराळेच असलेली किती ॲपे होती, याचा हिशेब मामांपाशीही नव्हता. 'आमच्याकडे आलास की तुला आम्ही देवघरापर्यंत नेतो, आणि तू मामाला ओसरीवर बसवतोस व्हय रे?' या मामांच्या उद्गारापुढे 802.1क्यू निरुत्तर झाले.

तह करण्याचे काम आमच्याकडे आले. मामांस घरच्यांच्या जाळ्यात घ्यावयाचे नाही, हा चिरंजीवांचा हट्ट. आणि मामांस पाहुणा म्हणावयाचे नाही, ही सौभाग्यवतींची आज्ञा. तेव्हा जाळे तेच ठेवून नाव बदलावे, अशी मसलत आम्ही दिली. इंग्रज सरकारने रावसाहेब व रावबहादूर हे किताब याच तत्त्वावर वाटले होते. परंतु वायफायच्या नावासही मर्यादा आहे: ते 32 बाइटांहून मोठे असता कामा नये. रोमन लिपीत एका अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरीत मात्र अक्षर असो, काना असो, वेलांटी असो की जोडाक्षरातील हलन्त असो, प्रत्येकास तीन बाइट मोजावे लागतात. त्यामुळे 'श्रीगणेशकृपा' हे महाराष्ट्रातील अर्ध्या बंगल्यांना पुरलेले नाव 36 बाइटांचे भरते आणि वायफायच्या चौकटीत मावत नाही. गणपतीचीही जेथे अडवणूक होते तेथे मामांची काय कथा! बऱ्याच घासाघिशीनंतर 'मामाचा वाडा' हे नाव निघाले, आणि मधली मोकळी जागा धरून ते बरोबर 31 बाइटांत बसले. मामांनी आपल्या मोबाइलावर ते पाहिले, मामींना दाखविले, साताऱ्यास दोघातिघांना कळविले, आणि फराळाचे ताट पुढे ओढले. हक्कात तसूभर फरक पडला नव्हता. मुलूख तोच होता, फक्त किताब मिळाला होता.

तथापि सायंकाळी दुसरा पेच उद्भवला. मामांना पुतणीच्या लग्नाची छायाचित्रे टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर दाखवावयाची होती; परंतु टीव्ही वस्तूंच्या जाळ्यात आणि मामा आपल्या वाड्यात. अशा वेळी मोबाइल 224.0.0.251 या पत्त्यावर 'येथे कोणी टीव्ही आहे काय?' असा सार्वजनिक पुकारा करतो, आणि हा पुकारा आपल्या जाळ्याच्या शिवेबाहेर जाऊ नये असाच मुळी नियम आहे. मामा टीव्हीसमोर तीन हातांवर बसले होते, टीव्ही मामांकडे टक लावून पाहत होता, आणि तरीही व्हीलॅनच्या दृष्टीने दोघे परस्परांस अस्तित्वातच नव्हते. शेवटी दोन जाळ्यांमध्ये या विशिष्ट पुकाऱ्याची ने-आण करणारा एक निरोप्या चिरंजीवांनी ॲक्सेस पॉइंटच्या दफ्तरात नेमला, टीव्हीपुरती वाट मोकळी केली, आणि लग्न एकदाचे लागले. याच प्रसंगी असेही उघडकीस आले, की पाहुण्यांच्या जाळ्यातील उपकरणे एकमेकांसही दिसू नयेत अशी तजवीज असते. तिला क्लायंट आयसोलेशन म्हणतात. म्हणजे मामा व मामी एकाच सोफ्यावर बसलेले असताना मामांच्या मोबाइलास मामींचा मोबाइल दिसत नव्हता. मामींनी याबद्दल तक्रार केली नाही.

मामांचा मान राखला गेला. परंतु त्या गडबडीत यादी पुन्हा उघडली गेली, आणि तीत जे दिसले ते मामांच्या रुसव्याहून अधिक विचार करण्यासारखे होते. आमच्याकडे अनेक वर्षे धुणेभांडी व केरवारे करणाऱ्या मावशींचा मोबाइल, ज्यावर त्या दुपारी नातीशी बोलतात, तो येणाऱ्याजाणाऱ्यांच्या जाळ्यात होता. आणि त्यांना पाठदुखी झाली म्हणून गेल्या वर्षी घेतलेले झाडूयंत्र घरच्यांच्या जाळ्यात, विश्वासू म्हणून खूण होऊन बसले होते. मावशींना घराची किल्ली कोठे असते हे माहीत आहे आणि त्यांनी ती आजवर कोणास सांगितलेली नाही. झाडूयंत्राचे तसे नाही. ते पहिल्याच दिवशी साऱ्या घराची मोजणी करून नकाशा तयार करते, कोणत्या खोलीत पलंग आहे आणि कोणत्या कोपऱ्यात तिजोरीएवढी चौकोनी वस्तू आहे हे त्यात दाखल करते, आणि हा नकाशा पुष्कळदा घराबाहेर, निर्मात्याच्या संगणकावर जाऊन राहतो. चाचणीसाठी लोकांच्या घरी ठेवलेल्या अशाच झाडूयंत्रांनी 2020 साली टिपलेली छायाचित्रे, त्यांत शौचकूपात बसलेल्या एका स्त्रीचेही, ती पाहून वस्तूंची नावे लिहिण्याच्या कामावर नेमलेल्या मजुरांमार्फत समाजमाध्यमांवर पोहोचल्याचे 2022 साली एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने उजेडात आणले. मावशींची मात्र अजूनही फाटकावर जाताना पिशवी तपासली जाते.

असे का व्हावे, याचा विचार करता आम्हांस असे वाटते, की संशय घेण्याची आपली सारी शक्ती शतकानुशतके माणसांवर खर्च झाल्यामुळे यंत्रांच्या वाट्यास ती उरलेलीच नाही. माणूस गरीब दिसला, परगावचा दिसला, परक्या भाषेत बोलला, की आपल्या मनातील पहारेकरी खडबडून जागा होतो. यंत्र मात्र पांढरे, गुळगुळीत आणि मासिक हप्त्यावर घेतलेले असले की आपण त्यास घरचेच मानतो. वास्तविक उपद्रवाचा दाखला यंत्रांच्याच नावे आहे. 2016 साली मिराई नावाच्या एका प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे व तत्सम यंत्रे कारखान्यातून आलेल्या मूळ वापरकर्ता-नाव व पासवर्ड यांच्या साठेक जोड्यांची यादी वापरून ताब्यात घेतली. हे पासवर्ड 'ॲडमिन', '12345' अशा थाटाचे होते. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला असल्याच फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर एकवटून हल्ला केला, तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या भागात ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांच्या भिंतीवरून ही फौज निघाली होती त्या गृहस्थांना याचा पत्ताही नव्हता. त्यांचे कॅमेरे पूर्ववत पाळण्यातील बाळांकडे आणि दाराबाहेरच्या पायपुसण्याकडे पाहत होते. पुढच्याच वर्षी डार्कट्रेस या सुरक्षा कंपनीने उत्तर अमेरिकेतील एका कसिनोची हकीकत प्रसिद्ध केली. तेथे दाराशी पहारा, आत पहारा, तिजोरीवर पहारा असताना चोर शिरले ते मत्स्यपेटीतील पाण्याचे तपमान मोजणाऱ्या, इंटरनेटला जोडलेल्या उपकरणातून. माशांवर कोणाचा संशय असणार?

म्हणून आमचा निष्कर्ष असा आहे, की आजीचे सोवळे ही वाईट कल्पना नव्हती. ती चुकीच्या प्राण्यांना लागू केली गेली होती. माणसामाणसांत शिवाशिवीच्या ज्या अदृश्य रेषा आपण ओढल्या त्या अन्यायाच्या होत्या, त्यांनी कोणाचेही रक्षण झाले नाही, आणि त्या पुसण्यात अनेकांची आयुष्ये गेली. काही तर अद्याप पुसल्या गेलेल्या नाहीत. परंतु दिवा, कॅमेरा, टीव्ही आणि झाडूयंत्र यांना सोवळ्याबाहेर बसविल्याने त्यांचा अपमान होत नाही, त्यांची मुले शाळेत मागे पडत नाहीत, आणि त्यांना कोणी आत्मचरित्र लिहून जाब विचारावयास लावीत नाही. ज्याचे काम प्रकाश देणे आहे त्यास प्रकाश देण्यापुरतीच मुभा असावी, ज्याचे काम केर काढणे आहे त्यास केराच्या पलीकडे हद्द असू नये, हा न्याय यंत्रांच्या जगात निर्दयपणे लावता येतो. माणसाच्या बाबतीत तो लावू गेल्यास मामा रुसतात, आणि रुसणे हा त्यांचा हक्क आहे.

तेव्हा वाचकांस आमची विनंती आहे, की त्यांनी येत्या रविवारी आपापल्या घरातील चिरंजीवांस अथवा कन्येस बोलावून ॲक्सेस पॉइंटचे दफ्तर एकदा उघडवून घ्यावे. कारखान्यातून आलेला पासवर्ड असल्यास तो त्याच दिवशी बदलावा. वस्तूंना स्वतंत्र जाळे द्यावे, आणि ज्यांच्याकडे व्हीलॅनची सोय नसेल त्यांनी निदान गेस्ट नेटवर्क पाहुण्यांऐवजी टीव्ही, दिवे व कॅमेरे यांना बहाल करावे. यादीत अनोळखी नाव आढळल्यास शेजाऱ्याकडे पाहण्यापूर्वी वातानुकूलन यंत्राकडे पाहावे. येणाऱ्यांच्या जाळ्यास त्यांच्या मानास साजेल असे, परंतु 32 बाइटांच्या आतले नाव ठेवावे. आणि ज्या कॅमेऱ्याच्या निर्मात्याने कित्येक वर्षांत सुरक्षेच्या दुरुस्तीचा एकही अपडेट पाठविलेला नाही, त्या कॅमेऱ्यास भिंतीवरून उतरवून, कोणत्याही प्रकारचे निवृत्तिवेतन न देता, सेवामुक्त करावे.